उलटा जिना

नारखेडे सरांना कॉलेजात सगळे 'उलटे सर' म्हणत, आणि त्याचा त्यांच्या स्वभावाशी काडीचाही संबंध नव्हता. स्वभावाने माणूस सरळ, जरा जास्तच सरळ. उलटे होते ते त्यांचे हात.

आर्किटेक्चरच्या कॉलेजात पोरं आपापल्या बोर्डावर नकाशे काढत बसतात आणि सर एकेका बोर्डापाशी जाऊन चुका दाखवतात. बाकीचे सर पोराला उठवून त्याच्या स्टुलावर बसत, नाहीतर कागदच आपल्याकडे फिरवून घेत. नारखेडे सर तसं कधी करत नसत. ते खुर्ची ओढून बोर्डाच्या पलीकडे, पोराच्या समोर बसत आणि तिथूनच काढत. म्हणजे स्वतःला उलटं, पोराला सुलटं. भिंत, खिडकी, जिना, अगदी मापांचे आकडेसुद्धा. नवीन पोरं पहिल्या दिवशी तोंडात बोट घालत. सरांना त्याचं काही वाटत नसे. तरुणपणी ते एका कचेरीत नकाशे काढायला होते, आणि तिथला साहेब हाताखालचा कागद असा खस्सकन ओढून घेई की माणसाला स्वतःचीच लाज वाटावी. तेव्हाच सरांनी ठरवलं होतं की आपण कोणाचा कागद ओढायचा नाही. "कागद ज्याचा त्याचा, आपण पाहुणे," असं ते म्हणत.

समोर बसण्याचं आणखी एक कारण होतं, ते मात्र ते कोणाला सांगत नसत. समोर बसलं की तोंड दिसतं. "कळलं का?" म्हटलं की पोरं "हो सर" म्हणतात, जगात कुठेही म्हणतात, पण डोळे खोटं बोलत नाहीत. तो खोटा 'हो' पकडायचा आणि पुन्हा काढून दाखवायचं, एवढंच आपलं शिकवणं, अशी सरांची समजूत होती.

खोटा 'हो' आयुष्यात कधी न म्हणणारं एकच माणूस त्यांना भेटलं होतं, ते म्हणजे इंदिराबाई, त्यांची बायको. यावलकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी ती तांदूळ निवडायला बसली की सर समोर पाटी घेऊन बसत आणि तिला सुलटं दिसेल असं लिहीत. हात उलटे झाले ते खरं तर तिथेच. सरांनी कितीही जीव तोडून समजावलं तरी बाई स्वच्छ सांगायची, "मले नही समजलं." चिडायची नाही, लाजायची नाही. सर पुसायचे आणि परत लिहायचे. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी सुरतेला, तिचा तिला संसार. आता जळगावच्या त्या दोन खोल्यांत खानावळीचा डबा यायचा, सर जेवायचे, आणि दिवसभरात त्यांच्या समोर कोणी माणूस बसत असेल तर तो फक्त कॉलेजच्या स्टुडिओत, म्हणजे नकाशे काढायच्या वर्गात, दुपारी दोन ते पाच. रविवार त्यांना खायला उठायचा.

अशा माणसापुढे १९९४ सालच्या दिवाळीनंतर सुभाषचंद शेठनी व्हिडिओ कॅसेट आणून ठेवली.

शेठ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. सरकी-तेलाचे व्यापारी, पण शिक्षणाची मनापासून हौस. जूनमध्ये त्यांनी धुळ्याला कॉलेजची दुसरी शाखा काढली होती. पारोळा रोडवरचं स्वतःचं शेंगदाण्याचं गोडाऊन रिकामं करून दिलं, बोर्ड आणले, चाळीस पोरं भरली. फक्त शिकवणारे मिळेनात. तेव्हा शेठनी जळगावच्या सगळ्या सरांना बोलावून सांगितलं, "मुंबई-पुण्याचा माणूस धुळ्याला यायला तयार नाही. पण कॅसेट तयार आहे. तिला राहायला घर लागत नाही आणि बायकोला तिथली हवा मानवत नाही असंही ती म्हणत नाही. तुम्ही इथं शिकवा, आपण भरून घेऊ, एस.टी.नं पाठवू. बोला, कोण कोण तयार?"

सगळ्यांत आधी हात वर केला कोल्हे सरांनी. ते वास्तुकलेचा इतिहास शिकवत, म्हणजे कॉलेजपेक्षा जुन्या एका वहीतून वाचून दाखवत. आता ते पोरांसमोर वाचायचं की कॅमेऱ्यासमोर, यात त्यांना फरक पडायचं कारणच नव्हतं. कोट घालावा की नको, एवढंच त्यांनी विचारलं. दुसरे दोघं 'बघू, विचार करू' म्हणाले, म्हणजे शेठ विसरतील अशी वाट बघणार होते. नारखेडे सर मात्र उभे राहून म्हणाले, "मला जमणार नाही. समोर कोणी नसलं तर मी काढू कोणासाठी?"

"जमाना पुढे चाललाय सर," शेठ समजुतीनं म्हणाले.

"जाऊ द्या की. मी इथंच बसतो."

सगळ्यांना वाटलं, म्हातारा नव्या गोष्टीला घाबरतो. खरं सांगायचं तर घाबरतच होता, पण यंत्राला नव्हे. जे एकदा डबीत भरता येतं त्यासाठी रोज माणूस कशाला लागेल? आज धुळ्याला, उद्या जळगावला. मग ते दोन ते पाचही जातील आणि आपण त्या दोन खोल्यांत भिंतीकडे तोंड करून बसू, ही ती भीती होती.

पंधरा दिवसांनी धुळ्याहून चाचणी परीक्षेचे कागद तपासायला आले. विषय जिना. एक रांग वर जाते, मध्ये चौक लागतो, तिथून वळून दुसरी रांग वरच्या मजल्यावर पोचते, असा साधा घरगुती जिना मधोमध कापला तर कसा दिसेल, ते काढायचं होतं. सरांनी एकेक कागद उलगडला आणि त्यांचं डोकंच फिरलं. एकोणचाळीस कागदांवर एकच चूक. पोरांनी कुठल्याशा गाइडातून नक्कल केली होती आणि तो जिना असा होता की चढणाऱ्याचं डोकं आठव्या पायरीवर स्लॅबला आपटलंच पाहिजे. बिचारी पोरं! कोणी सांगायलाच नाही तर काय करतील?

चाळिसावा कागद जवळजवळ कोरा होता. खालची रांग नीट काढलेली, चौकापाशी रेघ थांबलेली. कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथून पुढे जिना वर कसा जातो ते मला समजले नाही. रोल नं. ३१.'

तो कागद सरांनी कितीदा वाचला कोण जाणे. तीन वर्षांत त्यांच्याशी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते शेठकडे गेले आणि म्हणाले, "जिन्याची एक कॅसेट भरतो. एकच."

कॅसेट भरायला रतिलाल आला. हा गावातल्या लग्नांचं शूटिंग करायचा, त्यामुळे त्यानं येताना लग्नातलाच झगझगीत दिवा आणला. कॅमेरा सरांच्या तोंडाकडे रोखून तो म्हणाला, "सर, जरा हसा."

"जिन्याला काय हसायचं रे?"

"सवय हो. नवरदेवाला सांगतो ना रोज."

"माझा चेहरा नको. हात दिसू दे नुसते."

रतिलालनं कॅमेरा सरांच्या खांद्यामागे नेऊन उभा केला आणि सर रोजच्यासारखे आपल्या खुर्चीवर बसले. बोर्डाच्या पलीकडे पोराचं स्टूल होतं. रविवार असल्यामुळे सगळा स्टुडिओ ओस पडला होता. सरांनी जिना काढायला सुरुवात केली. त्यांची पद्धत अशी की आधी पायरीवर एक छोटा माणूस उभा करायचा, हात वर केलेला. "जिना माणसासाठी असतो. ह्याचं डोकं वाचवा, जिना आपोआप बरोबर येईल." मग चौक, मग वळण. वळणापाशी थांबून त्यांनी सवयीनं विचारलं, "कळलं का?" आणि समोर पाहिलं.

समोर स्टूल होतं. सर थोडा वेळ तसेच बघत राहिले. घरी ताटावर बसल्यावर समोर जसं कोणी नसायचं, तसंच झालं. आजवर निदान ही जागा तरी त्यातून सुटली होती. मग त्यांनी घसा साफ केला आणि पुढं काढू लागले. असं त्या कॅसेटमध्ये अकरा वेळा झालं.

कॅसेट चारच्या एस.टी.नं धुळ्याला गेली आणि मंगळवारी तिथल्या क्लार्कचा फोन आला. सगळं उलटं दिसतंय. पायऱ्या उलट्या, आकडे उलटे, तो छोटा माणूससुद्धा डोक्यावर उभा!

झालं होतं ते अगदी साधं. कॅमेरा सरांच्या बाजूला होता आणि सरांनी सगळं समोरच्या स्टुलासाठी काढलं होतं. रतिलालला विचारलं तर तो म्हणाला, "मला वाटलं, आर्किटेक्टचं असंच असतं. शिकल्या-सवरल्या माणसाला आपण काय सांगायचं?" कोल्हे सर तर हसता हसता खोकायला लागले. शेठ तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "हरकत नाही सर. पुन्हा भरा, सुलटी भरा. नाहीतर तसं सांगा, मी दुसरं कोणी पाहतो."

त्या संध्याकाळी सरांनी घरी कागद पसरला आणि स्वतःला सुलटा दिसेल असा जिना काढायचा प्रयत्न केला. रेघ सुटेना. हात असा अवघडला की दुसऱ्या कोणाच्या अंगणात शिरल्यासारखं वाटलं. चोवीस वर्षं हा माणूस समोरच्यासाठी काढत आला होता. स्वतःसाठी काढायचं कसं हेच तो विसरून गेला होता. त्यांनी ठरवलं, आपण जाऊन ती कॅसेट घेऊन यायची आणि शेठना सांगायचं की हे काम माझं नव्हे. गावभर हसं झालं तेवढं पुरे.

शनिवारी सकाळी ते धुळ्याच्या गाडीत बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. काय बोलायचं ते सर मनातल्या मनात घोकत होते आणि प्रत्येक वेळी ते त्यांना जास्त केविलवाणं वाटत होतं.

गोडाऊनच्या दाराशी एक बाई फडकं पिळत बसली होती. धुरपदाबाई तिचं नाव. झाडलोट, किल्ल्या, पाणी, सगळं तिच्याकडे. तिनं सरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आबा, कोनले भेटानं शे?"

"मी जळगावहून आलोय. कॅसेट न्यायची आहे."

तिला वाटलं, जळगावचा शिपाई असणार. तिनं तोंडावर बोट ठेवलं. "मंग बसा जरासं. सर शिकाडी ऱ्हायनात. आवाज करू नका."

कुठले सर, असं विचारायला नारखेडे सरांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आतून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "ह्याचं डोकं वाचवा, जिना आपोआप बरोबर येईल."

त्यांनी दारातून आत डोकावलं. टीव्ही टेबलावर नव्हता. तो जमिनीवर पाठीवर आडवा टाकला होता, खाली चार विटा, काच छताकडे, आणि तापू नये म्हणून शेजारी पंखा लावलेला. पोरं त्याच्या एकाच बाजूला दाटीवाटीनं बसली होती, चित्राची वरची कड जिथे येते त्या बाजूला. तिथून त्यांना जिना अगदी सुलटा दिसत होता. पलीकडून सरांचे दोन हात त्यांच्याकडे येत होते आणि त्यांच्यासाठी रेघा ओढत होते.

"पैले बठ्ठा मुंडक्या वाकड्या करी बसेत," धुरपदाबाई हळूच म्हणाली. "मंग मीच सांगं, आरे डबडं आडवं टाका आनि तिकडथीन बसा. तो मानूस तुमना समोर बशेल शे, दिसत नई का?"

जे कोल्हे सरांना कळलं नाही, शेठना कळलं नाही, ते हिला फडकं पिळता पिळता कळलं होतं. सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपण त्या दिवशी रिकाम्या स्टुलासाठी काढलं नव्हतं. हे बघा, बसलेत की सगळे.

तेवढ्यात काचेतला हात वळणापाशी थांबला. "कळलं का?" आवाज आला आणि मागोमाग ती शांतता, सर स्टुलाकडे बघत बसले होते ती.

"हो सर!" पोरं एका सुरात ओरडली.

आणि अगदी कडेला बसलेली एक मुलगी, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, आपल्या कागदाशी पुटपुटली, "नई समजनं."

काचेतल्या सरांनी घसा साफ केला आणि ते पुढं काढू लागले.

दारातल्या सरांना ते सहन झालं नाही. आपलाच हात तिला मागे टाकून पुढं चाललाय, आणि त्याला थांबवता येत नाही! ते चपला काढून आत गेले, भिंतीकडेनं पुढे सरकले आणि त्या मुलीसमोर जमिनीवर बसले. काही न बोलता त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. तिचा कागद तिच्याकडेच राहू दिला आणि पलीकडूनच काढायला सुरुवात केली. ही रांग कापली गेली, म्हणून ठळक. ही मागे राहिली, म्हणून नुसती दिसते. हा माणूस, हा त्याचा हात.

मुलीनं आधी कागदाकडे पाहिलं. मग काचेतल्या हाताकडे, मग समोरच्या हाताकडे. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"कळलं का?" सरांनी हळू विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हे चौकाच्या खालचं नाही कळलं."

सरांनी परत काढलं. तिसऱ्यांदा काढल्यावर तिचे डोळे हलले. "आत्ता समजलं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

"रोल नंबर एकतीस ना?"

तिनं मान हलवली. मंजुळा तिचं नाव, शिरपूरकडची. बोर्डिंगात राहून शिकत होती. थोडं थांबून ती म्हणाली, "सर, ते सगळे हो म्हणतात आणि कॅसेट पुढे जाते. मी नाही म्हणते, तरी पुढेच जाते."

तेवढ्यात पोरांना पत्ता लागून त्यांनी घोळका केला, प्रश्नांची सरबत्ती झाली, आणि पाचची गाडी चुकून सर सहाच्या गाडीनं परतले. कॅसेट तिथेच राहिली.

सोमवारी शेठ खुशीत होते. धुळ्याची बातमी त्यांच्या कानावर आली होती. "कमाल केलीत सर! उलटी तर उलटी, पोरांना समजतंय ना? आता असं करा, बाकीचे सतरा धडेही भरून टाका. पुढच्या जूनपासून जळगावलाही कॅसेटच लावू. या वयात तुम्हालाही रोजची दगदग नको." आणि हे ते अगदी प्रेमानं म्हणाले, तेच वाईट.

"मी शनिवारी धुळ्याला जात जाऊ का?" सरांनी विचारलं.

"मग कॅसेटचा उपयोग काय सर?"

ज्याची भीती होती ते असं सहज, चहाच्या कपावर, समोर येऊन बसलं होतं. अजूनही नाही म्हणता आलं असतं. एक धडा भरला, पुढचे भरणार नाही. मग दोन ते पाचचे ते तीन तास कदाचित वाचले असते, आणखी वर्ष, दोन वर्षं. पण गोडाऊनच्या कडेला बसलेली ती मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. पुढचा धडा छपराचा होता, आणि छप्पर तर जिन्यापेक्षा अवघड.

"भरतो," ते म्हणाले. "कॅमेरा मागच्याच जागी ठेवा. आणि समोरचं स्टूल कोणी हलवायचं नाही."

पुढच्या रविवारी रतिलाल दिवा घेऊन आला. स्टुडिओ पुन्हा ओस. सर खुर्चीवर बसले, समोर रिकामं स्टूल, आणि त्यांनी छपराची पहिली रेघ ओढली. आता फक्त सोळा धडे उरतील, मग हेही संपेल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी हात रोजच्यासारखा चालला होता. कोन आला तिथे ते थांबले.

"कळलं का?"

रतिलाल वाट बघत राहिला. सर स्टुलाकडे बघत होते. बघतच होते. इतका वेळ गेला की रतिलालला वाटलं, म्हाताऱ्याला बरं नाही की काय. तो कॅमेरा बंद करायला पुढे झाला.

"नाही ना?" सर त्या रिकाम्या स्टुलाला म्हणाले. "बरं केलंस सांगितलंस."

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि तेच छप्पर पहिल्या रेघेपासून पुन्हा काढायला बसले.